टेक्सासचं कॅपिटॉल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेक्सासच्या राजधानीत, ऑस्टिनमध्ये, मुलांकडे आलेले आई-बाबा, नव्याने दाखल झालेले विद्यार्थी आणि जुन्या इमारतींचे शौकीन यांच्याकडून तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. वाचताना एवढं ध्यानात ठेवा की ही इमारत उभी राहिली तेव्हा राज्याकडे पैसा नव्हता, जमीन मात्र मुबलक होती. इथल्या बहुतेक विचित्र गोष्टींचं मूळ त्यात सापडतं.

१. कॅपिटॉल म्हणजे आपल्या विधानभवनासारखंच ना?

बऱ्यापैकी तसंच. राज्याची दोन्ही सभागृहं इथे भरतात. १५० सदस्यांचं प्रतिनिधिगृह पश्चिमेच्या अंगाला आहे आणि ३१ सदस्यांचं सिनेट पूर्वेच्या. दोन्ही सभागृहं दुसऱ्या मजल्यावर आणि प्रेक्षकांच्या गॅलऱ्या तिसऱ्या मजल्यावर आहेत. मजले मोजताना आपला तळमजला हा इथला पहिला मजला, एवढं सांभाळा. गव्हर्नरचं कार्यालयही याच इमारतीत आहे, आणि हा गव्हर्नर आपल्या राज्यपालांसारखा नेमलेला नसतो. लोकांनी निवडून दिलेला, खरी सत्ता हातात असलेला माणूस असतो. १९५९ पर्यंत राज्याचं सर्वोच्च न्यायालयसुद्धा इथेच तिसऱ्या मजल्यावर बसत असे. ते जुनं न्यायदालन आता पूर्वीसारखं सजवून ठेवलं आहे.

२. तिकीट किती? आई-बाबांना घेऊन दोन तासांत होईल का?

तिकीट नाही. मार्गदर्शकाबरोबरची फेरीही फुकट असते. मुख्य इमारत दोन तासांत होते. जमिनीखालचा भाग (प्रश्न १६) आणि भोवतालची २२ एकरांची बाग धरली तर अर्धा दिवस काढा. दारात धातुशोधक यंत्रातून जावं लागतं. २०१० मध्ये दक्षिणेच्या पायऱ्यांवर एकाने गोळीबार केला, त्यानंतर ही तपासणी सुरू झाली. उन्हाळ्यात दुपारी बाग फिरायचा बेत आखू नका. आधी आतलं बघा, सावल्या लांबल्या की बाहेर या.

३. इमारत नेमकी कोणत्या वर्षाची? कुठे १८८२ वाचतो, कुठे १८८५, कुठे १८८८.

तिन्ही बरोबर आहेत. खोदकाम १ फेब्रुवारी १८८२ ला सुरू झालं. कोनशिला २ मार्च १८८५ ला, म्हणजे टेक्सासच्या स्वातंत्र्यदिनी बसवली. दारं लोकांसाठी उघडली ती २१ एप्रिल १८८८ ला, सॅन हसिंटोच्या लढाईच्या स्मृतिदिनी. मेक्सिकोपासून टेक्सास सुटलं ते या लढाईमुळे. समर्पणाचा मोठा सोहळा त्याच वर्षी मे महिन्यात झाला आणि त्यात ही लढाई जिंकणारे सेनापती सॅम ह्यूस्टन यांचा धाकटा मुलगा, सिनेटर टेंपल ह्यूस्टन, याचं भाषण झालं. सोहळ्याच्या दिवसांत पाऊस आला आणि तांब्याचं नवंकोरं छप्पर गळलं. राज्याने इमारत लगेच ताब्यात घ्यायला नकार दिला. दुरुस्त्या करून घेऊन डिसेंबरात ती स्वीकारली.

४. याआधी इथे काय होतं?

१८३९ मध्ये ऑस्टिन राजधानी झालं तेव्हा टेक्सास हा स्वतंत्र देश होता, आणि त्याचं पहिलं इथलं कॅपिटॉल म्हणजे लाकडी कुंपणातलं एक साधं लाकडी घर. १८५३ मध्ये टेकडीवर चुनखडीच्या दगडाचं दुसरं उभं राहिलं. ते ९ नोव्हेंबर १८८१ ला जळालं. तात्पुरत्या लावलेल्या शेगडीचा धुराचा नळ धुराड्यात न सोडता भिंतीतल्या भोकात घातला होता.

आग लागली म्हणून नवं बांधलं, असं पुष्कळदा सांगितलं जातं. ते खरं नाही. नव्या इमारतीची तरतूद १८७६ च्या राज्यघटनेतच होती आणि आराखडाही आगीच्या आधी, १८८१ च्या मे महिन्यात निवडला गेला होता. आगीने फक्त घाई लावली.

५. तीस लाख एकर जमीन देऊन ही इमारत बांधून घेतली म्हणतात. खरंच?

खरंच. यादवी युद्धानंतर टेक्सासच्या तिजोरीत खडखडाट होता. पण अमेरिकेत सामील होताना टेक्सासने एक गोष्ट सोडली नव्हती: आपली सरकारी जमीन स्वतःकडेच ठेवली होती. इतर बहुतेक पश्चिमी राज्यांत अशी जमीन केंद्र सरकारची होती. १८७६ च्या घटनेने उत्तरेकडच्या पॅनहँडल भागातली ३० लाख एकर जमीन कॅपिटॉलसाठी बाजूला काढली आणि मोजणीच्या खर्चासाठी वर आणखी ५० हजार एकर. ३० लाख एकर म्हणजे सुमारे १२,००० चौरस किलोमीटर.

हा भाग जेमतेम वर्षभरापूर्वीपर्यंत कमँची आणि कायोवा या मूळनिवासी लोकांचा होता. १८७५ मध्ये रेड रिव्हर युद्ध संपलं, त्यांना राखीव भूमीवर हाकलण्यात आलं आणि लगेच जमीन ‘मोकळी’ म्हणून घटनेत लिहिली गेली. मार्गदर्शक जमिनीच्या सौद्याची गोष्ट रंगवून सांगतात, तेव्हा हा भाग सहसा गाळला जातो. तो गाळला की सौदा उगाच निरागस वाटतो.

कंत्राट फिरत फिरत शिकागोच्या टेलर, बॅबकॉक अँड कंपनीकडे गेलं. त्यात अ‍ॅब्नर टेलर, एमॉस बॅबकॉक आणि जॉन व चार्ल्स फार्वेल हे दोघे भाऊ होते. त्यांनी इमारत बांधायची आणि बदल्यात जमीन घ्यायची. एकूण खर्च ३७,४४,६३० डॉलर झाला. त्यातले सुमारे ५ लाख राज्याने दिले, बाकीचा भार कंत्राटदारांवर. हिशेब मांडला तर एकरी सव्वा डॉलरही पडत नाही. राज्य फसलं का, यावर अजून वाद झडतात. माझ्या मते तेव्हाच्या भावाने कोणीच फसलं नाही. त्या ओसाड, पाण्यावाचूनच्या, रेल्वेपासून दूरच्या माळाला तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं.

६. मग त्या जमिनीचं पुढे काय झालं?

एक्सआयटी नावाचं गुरांचं अवाढव्य रँच झालं. शिकागोकरांकडे इतकं भांडवल नव्हतं, म्हणून १८८५ मध्ये लंडनमध्ये कंपनी काढून ब्रिटिश गुंतवणूकदारांचा पैसा उभा केला. जमीन दहा काउंटींमध्ये पसरली होती, ती काटेरी तारेने बंदिस्त केली, आणि भरात असताना दीड लाखाच्या आसपास गुरं तिथे चरत होती. नफा मात्र फारसा झाला नाही. दुष्काळ, लांडगे, चोऱ्या, गुरांचे पडते भाव, आणि वर लंडनच्या देणेकऱ्यांचा तगादा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तुकडे पाडून जमीन शेतकऱ्यांना विकायला सुरुवात झाली. १९१२ मध्ये शेवटची गुरं गेली आणि जमिनीचा शेवटचा तुकडा १९६३ मध्ये विकला गेला.

७. आराखडा कोणाचा? वॉशिंग्टनची नक्कल वाटते.

डेट्रॉइटचे एलायजा मायर्स. मिशिगन आणि कोलोरॅडो या राज्यांची कॅपिटॉलंही त्यांचीच. तीन राज्यांची कॅपिटॉलं आखणारा माणूस, पण टेक्सासशी त्यांचं जमलं नाही. पत्रांना उत्तरं नाहीत, नकाशे वेळेवर नाहीत, तब्येतीच्या तक्रारी. १८८६ मध्ये राज्याने त्यांच्याशी संबंध तोडले आणि इमारत त्यांच्यावाचून पूर्ण झाली.

शैली युरोपीय रेनेसाँची उजळणी करणारी आहे: मधोमध घुमट, दोन्ही बाजूंना सममितीत पसरलेले पंख, कमानी आणि खांबांच्या ओळी. वॉशिंग्टनच्या घुमटाची छाया त्यावर आहे, यात शंका नाही. त्या काळात अनेक राज्यांना तसाच घुमट हवा होता. इथे वेगळा दिसतो तो दगड, आणि दगडाने घडवून आणलेला साधेपणा (पुढचा प्रश्न).

८. दगड गुलाबी का? मुद्दाम निवडला का?

नाही, अडचणीतून आला. मूळ बेत ऑस्टिनजवळच्या ओटमनव्हिलच्या खाणीतला पांढरट चुनखडीचा दगड वापरायचा होता. पण त्यात लोहाचे कण निघाले. हवा-पाणी लागलं की त्यावर गंजाचे डाग उमटायला लागले. कंत्राटदार म्हणाले, इंडियाना राज्यातून चांगला चुनखडीचा दगड आणू. गव्हर्नर जॉन आयर्लंड अडून बसले: टेक्सासच्या कॅपिटॉलला टेक्सासचाच दगड लागेल.

तोडगा निघाला तो मार्बल फॉल्सजवळच्या ग्रॅनाइट माउंटनवर. नावाप्रमाणेच तो ग्रॅनाइटचा अख्खा उघडा डोंगर आहे. मालकांनी दगड फुकट दिला. फुकट असला तरी तो स्वस्त पडणार नव्हता, कारण ग्रॅनाइट फोडायला, घडवायला आणि वाहायला चुनखडीच्या कितीतरी पट कष्ट. म्हणून राज्याने खाणीत राबायला कैदी पुरवले, बर्नेट गावापासून खाणीपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला गेला, आणि नक्षीकाम कमी करायला परवानगी मिळाली. ग्रॅनाइटवर बारीक कोरीव काम परवडत नाही. आज जी भरदार, साधी दर्शनी भिंत दिसते ती त्यामुळे. मला हा बदल इमारतीच्या फायद्याचाच वाटतो. मिशिगनचं कॅपिटॉल पाहिलं असेल तर तुलना करून बघा.

दगडाचे १५,७०० डबे रेल्वेने आणले गेले. डाग पडणारा चुनखडीचा दगडही वाया गेला नाही. तो पायात आणि आतल्या, न दिसणाऱ्या भिंतींत घातला. खरा रंग बघायचा तर सूर्यास्ताच्या सुमारास पश्चिमेच्या बाजूला उभे राहा.

९. म्हणजे ही इमारत कैद्यांनी बांधली?

दगड फोडण्याचं मोठं काम कैद्यांनी केलं, अख्खी इमारत नव्हे. त्या काळच्या दक्षिणेत कैदी भाड्याने देण्याची पद्धत होती आणि तिचा जाच सगळ्यात जास्त कृष्णवर्णीयांना झाला. गुलामी कायद्याने संपली होती, पण या वाटेने फुकटची मजुरी चालू राहिली होती.

दगड घडवणाऱ्या कारागिरांच्या संघटनेने कैद्यांच्या वापराला विरोध करून कामावर बहिष्कार टाकला. बांधकाम सांभाळणाऱ्या गुस्ताव विल्केने मग स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीनमधून कारागीर आणले. ६२ जण टेक्सासला पोचले. परदेशातून करार करून मजूर आणायला बंदी घालणारा कायदा १८८५ मध्येच झाला होता, त्यामुळे खटला झाला आणि दंड झाला. आधी ठरलेला ६४ हजार डॉलरचा दंड नंतर ८ हजारांवर आला. टेक्सासचाच दगड हवा हा हट्ट राखला, पण तो घडवायला माणसं स्कॉटलंडहून आणावी लागली.

१०. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलपेक्षा हे उंच आहे, की नुसती फुशारकी?

फुशारकी आहे, पण खरी. घुमटाच्या शिखरावरच्या देवीच्या पुतळ्याच्या (प्रश्न १३) हातातल्या ताऱ्याच्या टोकापर्यंत उंची ३०२.६४ फूट, म्हणजे ९२ मीटरहून थोडी जास्त. वॉशिंग्टनचं कॅपिटॉल २८८ फूट. फरक साडेचौदा फुटांचा. काही जुन्या पुस्तकांत ३११ फूट असा आकडा आढळतो. राज्याची जतनसंस्था ३०२.६४ मानते, तोच धरा. लांबी ५६६ फूट आहे.

११. मग राज्यांच्या कॅपिटॉलांत सगळ्यात उंच हेच?

नाही. लुइझियानाचं ४५० फुटांचं आहे, नेब्रास्काचं ४०० आणि इलिनॉयचं ३६१. टेक्सासचा मान वेगळा आहे: एकूण क्षेत्रफळात राज्यांमधलं सगळ्यात मोठं. मित्रमंडळींत पैज लावणार असाल तर ‘उंच’ आणि ‘मोठं’ यात घोळ करू नका.

१२. घुमटही ग्रॅनाइटचाच आहे का?

नाही. सांगाडा लोखंडी, वर धातूचे पत्रे, आणि त्यावर दगडाशी मिळताजुळता रंग. खालून पटकन कळत नाही. एवढ्या उंचीवर ग्रॅनाइट चढवला असता तर खालच्या भिंती आणखी जाड कराव्या लागल्या असत्या.

१३. वरच्या देवीचा चेहरा इतका ओबडधोबड का? जवळून फोटो पाहून धक्का बसला.

ती जवळून बघण्यासाठी केलेलीच नाही. ही स्वातंत्र्यदेवी ३०० फूट खालून ओळखू यावी म्हणून नाक, डोळे, हनुवटी मुद्दाम ठसठशीत ठेवली. आपल्याकडे उंच गोपुरावरच्या मूर्तींचे डोळे वटारलेले असतात, त्यातला हा प्रकार. मूळ पुतळा जस्ताचा, जवळपास १६ फुटी. फेब्रुवारी १८८८ मध्ये तुकड्यातुकड्यांनी वर नेऊन जोडला.

शंभर वर्षांच्या ऊन-पावसाने तो खंगला. १९८५ मध्ये तो उतरवला, साचा घेऊन अ‍ॅल्युमिनियमची प्रतिकृती ओतली आणि जून १९८६ मध्ये ती हेलिकॉप्टरने बसवली. टेक्सासच्या नॅशनल गार्डला (राज्याच्या राखीव सेनादलाला) वाऱ्यामुळे ते जमलं नाही; शेवटी मिसिसिपीचं मोठं हेलिकॉप्टर बोलवावं लागलं. टेक्सासकरांना याची आठवण करून दिलेली आवडत नाही. मूळ देवी आता जवळच्याच बुलक इतिहास संग्रहालयात आहे. तो चेहरा समोरासमोर बघायचा असेल तर तिथे जा.

१४. मधल्या गोल दालनात काय बघायचं? मुलं कंटाळतात.

मुलांना आधी फरशीच्या बरोबर मधल्या ताऱ्यावर उभं करा आणि बोलायला सांगा. स्वतःचाच आवाज घुमटातून परत येतो. मग वर बघायला सांगा: छताच्या मध्यभागी एक तारा आहे. तो खालून हाताएवढा दिसतो, पण आहे आठ फुटांचा. ताऱ्याच्या टोकांमध्ये ‘टेक्सास’ची पाच अक्षरं आहेत.

फरशी १९३६ ची, टेक्सासच्या स्वातंत्र्याच्या शतकोत्सवातली. तिच्यावर टेक्सासवर सत्ता चालवलेल्या सहा राष्ट्रांच्या मुद्रा आहेत: स्पेन, फ्रान्स, मेक्सिको, टेक्सासचं प्रजासत्ताक, कॉन्फेडरेट राज्यं (यादवी युद्धात अमेरिकेतून फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं) आणि अमेरिका. मध्यभागी मान प्रजासत्ताकाला दिला आहे, अमेरिकेला नाही. यातच टेक्सासचा स्वभाव आला.

भोवतालच्या भिंतींवर प्रजासत्ताकाच्या अध्यक्षांच्या आणि गव्हर्नरांच्या तसबिरी मजल्यामजल्यांवर लावल्या आहेत. नव्या गव्हर्नरची तसबीर आली की बाकी सगळ्या एकेक जागा पुढे सरकवतात. दक्षिणेच्या प्रवेशदालनात टेक्सासमध्ये अमेरिकी वसाहत वसवणारे स्टीफन ऑस्टिन आणि सॅम ह्यूस्टन यांचे संगमरवरी पुतळे आहेत. ते जर्मनीहून येऊन टेक्सासमध्ये स्थायिक झालेल्या एलिझाबेट नाय या शिल्पकार बाईंनी घडवले.

आणि दारांच्या पितळी बिजागऱ्या बघायला विसरू नका. त्यांवर ‘टेक्सास कॅपिटॉल’ असं नक्षीत कोरलेलं आहे. मूळ बिजागऱ्या कनेक्टिकटच्या कारखान्यातून आल्या. दगडाबाबतचा हट्ट बिजागऱ्यांना लागू नव्हता.

१५. इथेही आग लागली होती ना? दोन तारखा वाचल्या.

१८८१ ची आग आधीच्या इमारतीची (प्रश्न ४). या इमारतीची आग ६ फेब्रुवारी १९८३ च्या पहाटेची. पूर्वेच्या भागातल्या, लेफ्टनंट गव्हर्नरच्या निवासाच्या खोल्यांत ती भडकली आणि तिथे मुक्कामाला असलेला एक तरुण पाहुणा दगावला. तोवर इमारतीची अवस्था वाईट झाली होती: उंच खोल्यांत मधेच माळे घातलेले, खोटी छतं, वायरींचं जंजाळ. आग आणखी पसरली असती तर सगळंच गेलं असतं. त्याच वर्षी जतनासाठी स्वतंत्र मंडळ नेमलं गेलं, आणि नव्वदच्या दशकात इमारत जुन्या रूपात परत आणली.

१६. जमिनीखाली मोठा भाग आहे म्हणतात. तळघर आहे का?

तळघर म्हणून गेलात तर चकित व्हाल. १९९३ मध्ये उघडलेला हा विस्तार ६,६७,००० चौरस फुटांचा आहे, म्हणजे वरच्या मूळ इमारतीच्या जवळजवळ दुप्पट. उत्तरेच्या बाजूला खडक ६५ फूट खोल कापून त्यात कार्यालयं, समित्यांची दालनं, उपाहारगृह आणि वाहनतळ बसवला. नवी इमारत शेजारी उभारली असती तर जुनीचं दर्शन झाकलं गेलं असतं, म्हणून खाली जायचं ठरलं. मधोमध उघड्या आकाशाचं गोल अंगण आहे, जणू घुमट उलटा करून जमिनीत पुरलाय. उजेड काचेच्या झरोक्यांतून येतो. माझ्या मते, जुन्या वास्तूला धक्का न लावता जागा कशी वाढवावी याचा हा उत्तम नमुना आहे, आणि बहुतेक पाहुणे तो न बघताच परततात.

१७. आम्ही गेलो तेव्हा सभागृहं रिकामी होती. नेहमी तशीच असतात?

बहुतांश वेळ, हो. टेक्सासचं नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, विषम वर्षी जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारी सुरू होतं आणि जास्तीत जास्त १४० दिवस चालतं. मधल्या काळात गव्हर्नर खास अधिवेशन बोलावू शकतो. कामकाज बघायचं असेल तर विषम वर्षाचा एप्रिल-मे गाठा, तेव्हा खरी धांदल असते. नुसती वास्तू बघायची असेल तर सम वर्ष उत्तम.

१८. शहरात इतके टॉवर झाले, तरी घुमट लांबून कसा दिसतो?

कायद्यामुळे. १९८३ पासून ठरावीक ठिकाणांहून घुमटापर्यंतच्या दृष्टिरेषा राखीव आहेत. त्या पट्ट्यांत ठरलेल्या उंचीपेक्षा उंच बांधकाम चालत नाही. ऑस्टिनचे काही टॉवर तिरपे कापल्यासारखे किंवा मधेच थांबल्यासारखे वाटतात, त्याचं कारण बऱ्याचदा हेच.

१९. बागेत बायबलमधल्या दहा आज्ञांचा दगड आहे. सरकारी जागेत धार्मिक स्मारक चालतं?

यावर खटला थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. २००५ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की हा दगड राहू शकतो. १९६१ पासून तो इतर अनेक स्मारकांच्या गर्दीत उभा आहे, त्याला इतिहासाचं अंग आहे, असा युक्तिवाद टिकला. गंमत म्हणजे त्याच दिवशी केंटकीच्या न्यायालय-इमारतींत लावलेल्या दहा आज्ञा त्याच न्यायालयाने घटनाबाह्य ठरवल्या. तेव्हा या निकालावरून ‘असं कुठेही चालतं’ असा अर्थ काढू नका.

२०. कॉन्फेडरेट स्मारकं काढली का?

एक पाटी काढली, स्मारकं उभी आहेत. यादवी युद्ध गुलामगिरीसाठी झालंच नाही, असा दावा करणारी १९५९ ची पाटी जानेवारी २०१९ मध्ये उतरवली गेली. दक्षिणेच्या वाटेवरचं १९०३ चं कॉन्फेडरेट सैनिकांचं स्मारक तिथेच आहे. फरशीवरच्या मुद्रेबद्दल प्रश्न १४ पाहा. दरम्यान नवी स्मारकंही आली: २०१२ मध्ये तेहानो लोकांचं, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या टेक्सासकरांचं, आणि २०१६ मध्ये आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाचं. तिन्ही बघा आणि कोण कुठे उभं आहे तेही बघा. मोक्याच्या जागा कोणाला आधी मिळाल्या, ते लगेच दिसतं.

२१. इथे भूत आहे का?

पुरावा नाही, खून मात्र झाला आहे. ३० जून १९०३ ला राज्याचे हिशेब सांभाळणारे कंट्रोलर रॉबर्ट लव्ह यांच्यावर त्यांच्याच कार्यालयात एका माजी कर्मचाऱ्याने गोळ्या झाडल्या. भुताच्या सगळ्या गोष्टी तिथून सुरू होतात.

२२. कथाकार ओ. हेन्री कॅपिटॉलमध्ये नोकरीला होते, असं ऐकलं.

या इमारतीत नाही, आवारातल्या शेजारच्या इमारतीत. आग्नेय कोपऱ्यात एक छोट्या गढीसारखी दिसणारी वास्तू आहे. ते १८५७ चं जमीन कार्यालय, राज्याच्या सगळ्या जमिनींचे नकाशे आणि दस्तऐवज ठेवण्याची जागा. विल्यम सिडनी पोर्टर, म्हणजे पुढचे ओ. हेन्री, १८८७ ते १८९१ तिथे नकाशे काढायला होते. कॅपिटॉल खुलं झालं तेव्हा ते शेजारीच टेबलावर वाकून काम करत होते. आता तिथे पाहुण्यांसाठीचं केंद्र आहे. आत गेलात तर गोल जिना जरूर बघा.